अंगठ्याखालचा शब्द

माझ्या सासऱ्यांच्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. जुनं नाव लिहिलं तर नवरा दुखावेल, नवं लिहिलं तर सासऱ्यांशी बेइमानी होईल. सासरे आता वाद घालायला राहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू मलाच सांभाळायला हवी. बाल्कनमधला छोटासा देश आहे. सगळा देश मिळून पुणे शहराइतकीही माणसं नाहीत. शेजारच्या मोठ्या देशाचं म्हणणं होतं की हे नाव मुळात आमच्या प्रांताचं, तुम्ही ते लावायचं नाही. बरीच वर्षं ही हुज्जत चालली. शेवटी तडजोड झाली, की नाव तेच ठेवा पण त्याच्या आधी एक दिशा लावा. एवढा एक शब्द. जगाने टाळ्या वाजवल्या आणि आमच्या घरात बाप-लेकाचं बोलणं बंद झालं.

आम्ही जपानात त्सुकुबात राहतो. मी पुण्याची, नवरा तिकडचा, दोघंही इथल्या एका संशोधन संस्थेत. एकाच मायक्रोस्कोपच्या वेळेवरून भांडता भांडता आमची ओळख झाली. मुलगी इथेच जन्मली. तिला मराठीत विचारा किंवा तिच्या वडिलांच्या भाषेत विचारा, उत्तर जपानीत येतं. आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलतो. असं हे आमचं तीन पक्षांचं सरकार. किमान समान कार्यक्रम म्हणजे कचरा. जळणारा कचरा कोणत्या वारी, प्लास्टिक कधी, बाटलीचं झाकण कुठल्या पिशवीत, यावर आमच्यात कधी मतभेद झाले नाहीत. बाकी सगळ्यावर झाले.

लग्न इथल्या सिटी ऑफिसात नोंदवलं आणि त्यानंतर पहिल्यांदा सासऱ्यांशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. नवऱ्याकडून मी चार वाक्यं घोकून घेतली होती. त्यांना हाक काय मारायची हे मात्र विचारलं नाही, कारण त्यात विचारायचं काय? सासऱ्यांना बाबा म्हणतात. फोन लागला, मी हात जोडले आणि म्हटलं, "नमस्कार, बाबा." पलीकडे मागे बसलेले नातेवाईक असे हसत सुटले की एक बाई तर खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, पक्षाच्या गावशाखेचे सचिव असलेल्या, झुबकेदार मिशांच्या त्या गृहस्थांना नव्या सुनेने भर पाहुण्यांत आजी म्हणून नमस्कार घातला होता.

ते हसले नाहीत. माझे कान लाल झालेले त्यांना पडद्यावर दिसले असतील की नाही कोण जाणे. त्यांनी मागच्यांना हाताने गप्प केलं आणि मला म्हणाले, "या घरात अजून कोणी आजी झालं नाही. जिचा मान होता ती आधीच गेली. तू म्हणतेस तर मीच होतो."

मला तेव्हा अर्धंच कळलं होतं, उरलेलं नवऱ्याने सांगितलं. सासूबाई मी यायच्या कितीतरी आधी गेल्या होत्या. पुढे मुलगी झाली. ती त्यांना देदो म्हणायची, म्हणजे आजोबा. मी बाबा म्हणत राहिले, आणि ते न चुकता ओ देत राहिले.

आता भांडणाकडे येते. नावाची ती तडजोड तिकडे लोकांपुढे कौल घ्यायला ठेवली गेली, तेव्हा माझ्या नवऱ्याने फेसबुकवर तिच्या बाजूने लांबलचक लिहिलं. देशाला बाहेरचे दरवाजे उघडायला हवेत, पोरं देश सोडून चालली आहेत, नावाला कुरवाळत बसून कोणाचं पोट भरणार, वगैरे. स्वतः देश सोडून जपानात बसलेल्या माणसाने हे लिहावं यात जे काय आहे ते मी त्याला तेव्हाच ऐकवलं होतं. तिकडे गावात ते सगळ्यांनी वाचलं. वडिलांनी वाचलं नसतं तरी चाललं असतं, पण कॉफीच्या दुकानात कोणीतरी त्यांच्या नाकासमोर फोन धरला.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. मला फक्त नवऱ्याच्या बाजूचं ऐकू येत होतं आणि तोही फार बोलत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "मग नाही येत." फोन ठेवल्यावर मी विचारलं तेव्हा कळलं, वडील म्हणाले होते की त्या नावाचा पासपोर्ट खिशात घालून माझ्या दारात येऊ नकोस. आणि नवऱ्याला तर तो पासपोर्ट घ्यावाच लागणार होता, इथल्या व्हिसासाठी. तो घेतला आणि तेव्हापासून तो तिकडे गेला नाही.

मला दोघांचाही संताप आला. एका शब्दासाठी? आमच्याकडे किती शहरांची नावं बदलली. मी बोलताना जुनं वापरते, तिकीट काढताना नवं, आणि माझं काही अडत नाही. हे मी एकदा सासऱ्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची नावं तुम्ही बदललीत. आमचं दुसऱ्याने सांगितलं म्हणून बदललं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "जन्मलो एका देशात, शिकवला दुसरा, आणि आता म्हणतात तिसऱ्यात मर. मी तर घरही बदललेलं नाही."

जुन्या नावाचे पासपोर्ट पुढे बाद झाले. सासऱ्यांनी नवा काढला नाही. आम्ही तिकिटं पाठवतो म्हटलं, तरी नाही. पासपोर्ट घेईन तर माझ्या देशाचा, हे त्यांचं एकच उत्तर. म्हणजे मुलगा तिकडे जाणार नाही, बापाला इकडे येता येणार नाही. मी मुलीला घेऊन एकटी जायचं ठरवलं, तर महामारीत जपानने सीमाच बंद केल्या. त्या उघडल्या तेव्हा सासरे म्हणाले, "मुलाशिवाय सून आणि नात आली तर मी गावाला काय सांगू?" गाव तिकडेही असतंच. मुलीने आजोबांना कधी हात लावलेला नव्हता. तिच्या लेखी ते फोनएवढे होते.

रविवारी आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची जेवणाआधीची वेळ. तो फोन माझा. नवरा तेवढ्यापुरता स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचा. कान इकडेच असायचे, हे मलाही माहीत होतं आणि सासऱ्यांनाही. त्यामुळे ते जरा मोठ्यानेच बोलायचे. एवढ्या वर्षांत त्यांची भाषा मला बरी येऊ लागली होती. आमच्या बोलण्यात मुलीची शाळा, त्यांच्या मिरच्यांची रोपं आणि राजकारण एवढंच असायचं. राजकारणात मला पुण्यात असताना काडीचा रस नव्हता. पण आघाड्यांच्या बाबतीत मराठी माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं हे मला त्सुकुबात बसून कळलं.

त्यांनी एकदा विचारलं, "तुमच्याकडे कोआलिसियाला काय म्हणतात?" मी म्हटलं, "आमच्याकडे दोन शब्द आहेत, युती आणि आघाडी. अर्थ एकच, पण कोणता वापरला त्यावरून तो माणूस कुठे बसलाय ते कळतं." त्यांनी दोन्ही शब्द माझ्याकडून म्हणवून घेतले. मग मी त्यांना बाहेरून पाठिंबा समजावला. सरकारात जायचं नाही, खुर्ची घ्यायची नाही, पण सरकार पडू द्यायचं नाही, आणि वाटेल तेव्हा शिव्या द्यायला मोकळं राहायचं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे तुझं या घरात आहे तसं," ते म्हणाले. स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

मग तो निवडणुकीचा वसंत आला. त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडतात, दोन फेऱ्यांत, आणि यावेळी संसदेची निवडणूकही त्याला लागूनच होती. सासऱ्यांच्या पक्षाचा उमेदवार सभासभांतून सांगत होता की ते नवं नाव माझ्या तोंडून कधी ऐकू येणार नाही. सासरे त्यांच्या वयात गावातल्या घराघरात फिरले. फोनवर त्यांचा आवाज बसलेला असायचा, खोकला यायचा. मी ओरडले की म्हणायचे, भाषणांनी होतं असं.

आमच्या इथेही तेव्हा नगरपालिकेची निवडणूक होती. पांढरे हातमोजे घातलेली माणसं खिडकीतून हात हलवत, भोंग्यावर उमेदवाराचं नाव पुन्हापुन्हा सांगत गाडीतून फिरत होती. नाव आणि कृपा असू द्या, यापलीकडे फारसं काही नाही. मुलगी गॅलरीतून त्यांना परत हात करायची. तिच्या आई-वडिलांपैकी कोणालाच इथे मत नव्हतं. माझं पुण्यात, तेही तिथे जाऊनच द्यायचं, म्हणजे नसल्यातच जमा. सासऱ्यांना मी सांगितलं की जपानात मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव मतदाराला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. त्यांना ते फार आवडलं. "असंच हवं," ते म्हणाले, "नाव लिहायचं म्हटलं की हात विचार करतो."

दुसऱ्या फेरीच्या दिवशी नवरा सकाळीच आवरून त्सुकुबा एक्सप्रेसने तोक्योला गेला. त्यांच्या वकिलातीत मतदानाची सोय होती. वकिलात म्हणजे एका इमारतीतला लहानसा मजला. तो कोणाला मत देणार हे विचारायची गरज नव्हती. परत आला तो तिथल्या अकिहाबाराच्या बाजारातून मुलीसाठी रंगपेन्सिली घेऊन. सासऱ्यांनी त्या रविवारी मला एवढंच विचारलं, "गेला होता का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. पुढचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यांचा उमेदवार दणक्यात जिंकला. संसदेतही त्यांचा पक्ष सगळ्यात मोठा ठरला. त्या आठवड्यात मी सासऱ्यांना जेवढं आनंदात पाहिलं तेवढं कधी पाहिलं नव्हतं. घरात गाळलेल्या राकियाचा पेला कॅमेऱ्याला लावून ते मला म्हणाले, "आता बघ. पाटी बदलेल, शिक्का बदलेल, पासपोर्ट बदलेल. आणि मग मी येतो तुमच्याकडे." मुलीला त्यांनी विचारलं, तुझ्या घरी माझ्यासाठी पलंग आहे का? ती जपानीत म्हणाली, फुतोन आहे, जमिनीवर घालायचा. मी भाषांतर केलं. ते म्हणाले, जमिनीवर झोपेन.

नवरा मला नंतर म्हणाला, "काही बदलणार नाही. करार जगाशी केलाय. सरकार बनवायला दुसऱ्यांचे हात लागणारच. भाषणात जुनं नाव घेतील, सही नव्यावर करतील." मी म्हटलं, तू जरा तोंड सांभाळ. पण झालं अगदी तसंच. एकट्याच्या बळावर सरकार होईना, मग जोडीदार आले, त्यांच्या अटी आल्या, मंत्रिपदांची वाटणी आली. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावाने सासऱ्यांनी बोटं मोडली होती, त्यांच्यातलेच काही जण सासऱ्यांच्याच नेत्यांच्या शेजारी बसून फोटो काढत होते. नाव कागदावर होतं तसंच राहिलं. नेते सभेत जुनं नाव घ्यायचे, लोक टाळ्या वाजवायचे, आणि खाली पासपोर्ट ऑफिसात नवं नाव छापलं जायचं.

नवऱ्याला या सगळ्याचा आनंद झाला असता तर मी त्याला कधी माफ केलं नसतं. तसं काही झालं नाही. बातम्या वाचून तो लॅपटॉप मिटायचा.

सासरे महिन्यामागून महिने वाट बघत राहिले. सुरुवातीला म्हणायचे, बस्तान बसू दे. मग म्हणायला लागले, जोडीदार अडवतायत. मग काहीच म्हणेनासे झाले. शाखेच्या बैठकीला जाणं त्यांनी सोडलं. मी एकदा मुद्दाम चिडवायला विचारलं, काय म्हणते तुमची युती? ते म्हणाले, "मिरच्या यंदा चांगल्या आल्यात." एका रविवारी ते फार वाळलेले दिसले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा, वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं की खोकला भाषणांचा नव्हता, फुफ्फुसात काहीतरी निघालंय. "त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव," असंही म्हणाले. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. सांगायची वेळच आली नाही.

तरीही दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. माणसं अशी असतात यावर माझा आजही विश्वास बसत नाही. नवरा डॉक्टरांशी परस्पर बोलायचा, औषधांची चौकशी करायचा. सासरे मला विचारायचे, तो नीट जेवतो ना? मी मधल्या मध्ये निरोप्या. एकदा मी दोघांनाही सांगून टाकलं की मी पाठिंबा काढून घेणार आहे. कोणी मनावर घेतलं नाही, कारण मी तसं करणार नाही हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी सासरे म्हणाले, "पोरीला बोलव." ती शेजारीच कांजी अक्षरांचा गृहपाठ करत बसली होती. फोनकडे वळली. त्यांनी खिशातून एक लाल पुस्तिका काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. नवाकोरा पासपोर्ट होता. वर देशाचं नाव होतं, आणि त्या नावातला पहिला शब्द त्यांनी अंगठ्याने झाकला होता. उरलेलं नाव त्यांचं, जन्मभर नकाशावर छडी ठेवून त्यांनी पोरांना दाखवलेलं. अंगठा जागचा हलला नाही.

"बोटाखाली काय आहे?" मुलीने जपानीत विचारलं.

मी भाषांतर केलं नाही. नुसतं "बाबा" म्हटलं.

"अं," त्यांनी ओ दिली. "आता येता येईल."

नवरा ओट्याशी दुधाचे रिकामे खोके कापून, धुऊन सपाट करत होता, कचऱ्याच्या दिवसासाठी. हातात कात्री तशीच घेऊन तो आला. आधी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा माझ्या मागे उभा राहिला. त्याने पडद्यावरचा अंगठा पाहिला. मग कात्री टेबलावर ठेवली, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि इतक्या वर्षांनी बापाच्या समोर बसला.

"तातो," तो म्हणाला, म्हणजे बाबा, आपल्या अर्थाचे. "तातो, कशाला गेलात?"

"पासपोर्ट ऑफिसात रांग नव्हती," सासरे म्हणाले.

"मला हे नको होतं."

"मला तरी कुठे हवं होतं?" ते म्हणाले. जरा दम घेतला. "पोरगी मोठी होत चाललीय. या पडद्यात तिची उंची कळत नाही."

नवऱ्याने मुलीला उठवून उभं केलं, दाराच्या चौकटीला लावलं आणि आपला हात तिच्या डोक्यावर आडवा धरला. मी फोन उचलून लांबून दाखवला. सासरे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईवर गेलीय. माझ्या बायकोएवढी होईल."

फोन संपल्यावर नवरा बाहेरच्या दाराशी, जिथे आम्ही चपला काढतो, त्या पायरीवर जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. मी त्याला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला म्हणाला, "मला वाटायचं एक दिवस ते म्हणतील, पोरा, तुझं बरोबर होतं. ते तसं कधी म्हणालेच नाहीत. नुसते जाऊन सही करून आले." मला त्याची दया आली आणि रागही आला. जिंकायचं होतं ना तुला, मग हे असंच दिसतं जिंकणं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याच्या शेजारी बसले. मुलीने आतून विचारलं, देदो कधी येणार?

देदो येऊ शकले नाहीत. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. आम्ही विमानात ऑक्सिजनची सोय होते का, वाटेत मुक्काम करत आणता येईल का, सगळं विचारून पाहिलं. शेवटी सासरेच मुलाला म्हणाले, "तूच ये. खिशात काय असेल ते असू दे."

नवऱ्याची बॅग मी भरली. मुलीची शाळा आणि तिचा ताप, दोन्ही नेमकं तेव्हाच, म्हणून आम्ही मागे राहिलो. नारिता विमानतळाला जाणाऱ्या बसपाशी मी त्याला बजावून सांगितलं, "ते मताचं विचारतील. तेव्हा खोटं बोल. म्हण तुमच्याच माणसाला दिलं. जायला टेकलेल्या माणसापुढे खरेपणा मिरवायचा नाही." बस सुटली तेव्हा माझ्याकडे बघून त्याने नुसता हात केला.

तिकडून त्याचा फोन आला तेव्हा मी मुलीला पेज भरवत होते. त्याने सांगितलं, पहिले दोन दिवस वडील बरेच झोपून होते. तो त्यांची दाढी करायचा, मिशांना हात न लावता. मिरच्यांना पाणी घालायचा. शेजारपाजारचे येऊन बसायचे, नावाचा विषय कोणी काढला नाही. मग एका दुपारी वडिलांनी डोळे मिटूनच विचारलं, "वकिलातीत गेला होतास ना?"

"हो," हा म्हणाला.

"कोणाला दिलंस?"

हा खोटं बोलला नाही. "तुमच्या माणसाला नाही दिलं, तातो," म्हणाला.

वडिलांचे डोळे मिटलेलेच होते, याला वाटलं त्यांना झोप लागली. स्वतःच्या जिभेला शिव्या देत हा उठायला लागला तर त्यांनी याचं मनगट धरलं. म्हणाले, "बरं झालं. या घरातलं एक मत तरी फुकट गेलं नाही."

हे सांगताना नवरा फोनवर हसत होता की रडत होता ते मला नक्की सांगता येणार नाही. मी पेजेची वाटी खाली ठेवली. माझं ऐकलं नाही याबद्दल त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

त्या आठवड्याच्या शेवटी सासरे गेले. नवरा जवळ होता. तिकडे रीत अशी की माणूस गेला की त्याचा फोटो घातलेला कागद छापून गावभर लावतात, दारावर, खांबांवर, बसच्या थांब्यावर. खाली दुःखात असलेल्यांची नावं असतात. नवऱ्याने मला फोटो पाठवला. मिशा तशाच होत्या. मुलगा, सून, नात अशी आमची तीन नावं त्यांच्या लिपीत, आणि पुढे लिहिलं होतं, जपान. ज्या भिंतीवर तो कागद होता तिच्यावर निवडणुकीच्या पोस्टरचे फाटके तुकडे अजून चिकटलेले होते. नवरा म्हणाला, मोकळी भिंत शोधत बराच फिरलो, मिळाली नाही.

तो परत आला तेव्हा बॅगेत मिरच्यांची माळ होती, भूगोलाचा एक जुना नकाशा होता आणि तो लाल पासपोर्ट होता. माणूस गेला की सरकार पासपोर्ट रद्द करतं. याने मागून घेतला म्हणून एक कोपरा कापून परत दिला होता. मुलीने तो हातात घेतला. आधी तिने वरचं नाव पाहिलं, सगळं, पण तिला ती अक्षरं येत नाहीत. मग एकेक पान उलटत गेली. तिच्या स्वतःच्या पासपोर्टात पुण्याच्या फेऱ्यांचे शिक्के आहेत आणि तिला ते मोजायला आवडतात. या पासपोर्टात कुठेच काही नव्हतं. शेवटच्या पानापर्यंत कोरा.

"देदो दोको नि मो इकानाकात्ता नो?" तिने बापाला विचारलं. देदो कुठेच गेले नाहीत का?

नवरा तिच्याशी नेहमी हट्टाने स्वतःच्या भाषेत बोलतो, तिने कितीही जपानीत उत्तर दिलं तरी. त्या दिवशी मात्र तिला नीट कळावं म्हणून तो जपानीत म्हणाला, "निघाले होते. आपल्याकडे यायला."